नऊ नको, तीन शातो पुरेत

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची यादी वाचली. पाच दिवसांत नऊ शातो! त्यातले सहा खोडले आहेत. राग येईल, पण आधी कारण ऐका.

शातो म्हणजे आपला गड नव्हे. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले बहुतेक प्रसिद्ध शातो सोळाव्या शतकातले, राहण्यासाठी, शिकारीसाठी आणि मिरवण्यासाठी बांधलेले वाडे आहेत. बुरूज दिसतील, खंदकही दिसेल, पण सगळं शोभेचं. दौलताबादच्या अंधारीसारखं काही शोधायला गेलात तर हिरमोड होईल. इथे चढाई नाही, चाल आहे. वाडा हा निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे बाग, आणि खरी पायपीट तिथेच. लोक आधी सगळ्या खोल्या पालथ्या घालतात आणि बागेपर्यंत पोचतात तेव्हा पाय बोलायला लागलेले असतात. म्हणून एका दिवशी एकच शातो, आणि मधला दिवस मोकळा. शेनाँसो, विलाँद्री, शांबोर, याच क्रमाने.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरा. तिसरा शनिवार-रविवार मात्र टाळा. त्या दोन दिवशी अख्ख्या फ्रान्समध्ये वारसा दिन असतो आणि सगळीकडे झुंबड उडते.

मुक्काम तूर शहरात. (हो आई, डाळीचंच नाव.) पॅरिसमध्ये सामान ओढत फिरू नका, विमानतळाखालच्याच स्थानकातून दिवसाला मोजक्या वेगवान गाड्या थेट सँ-प्येर-दे-कोरला येतात. तिथे उतरायचं. बऱ्याच गाड्या तूरच्या मुख्य स्थानकात जातच नाहीत, आणि नवखा माणूस ‘तूर’ची पाटी दिसेपर्यंत बसून राहतो. सँ-प्येरहून तूर पाच मिनिटं, जोडगाडी असते. थांबा थोडाच वेळ असतो, तेव्हा दहा मिनिटं आधी बॅगा घेऊन दाराशी या. चढतानाही तसंच: सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात.

शेनाँसोला तूरहून लोकल गाडीने साधारण अर्धा तास लागतो. स्थानक अगदी प्रवेशद्वाराजवळ आहे. गाड्या दिवसाला थोड्याच, म्हणून उतरल्याबरोबर परतीची वेळ लिहून घ्या. आत गेल्यावर उंच चिनार झाडांच्या रांगांमधून दहा मिनिटं चाललं की शेर नदीवर पाय रोवून उभा असलेला वाडा दिसतो. डावीकडची बाग दियान द प्वातियेची, उजवीकडची कातरिन द मेदिचीची. दियान ही राजा दुसरा आंरीची प्रेयसी, कातरिन त्याची लग्नाची राणी. 1559 मध्ये राजा भाल्यांच्या खेळात जखमी होऊन वारला, तसं कातरिनने दियानकडून शेनाँसो काढून घेतलं आणि बदल्यात तिला शोमोंचा वाडा दिला. दियानने नदीवर पूल बांधला होता; कातरिनने त्याच पुलावर 60 मीटर लांब, 6 मीटर रुंद दालन चढवलं. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. दुसऱ्या महायुद्धात ही नदीच जर्मनव्याप्त आणि मुक्त फ्रान्समधली सीमा होती, त्यामुळे दालनाचं एक दार इकडे आणि दुसरं पलीकडच्या मुलखात उघडायचं.

सकाळी दियानच्या बागेत जा, कारण ती पूर्वेला आहे आणि वाड्याची तीच बाजू तेव्हा उन्हात असते. दुपारनंतर कातरिनच्या बागेत. पुराचं पाणी शिरू नये म्हणून दियानची बाग उंच बांधावर केली आहे. त्या बांधावरून फिरलं की आत न उतरताच तिची सगळी आखणी दिसते. स्वयंपाकघरं वाड्याच्या नदीतल्या खांबांच्या पोटात आहेत. आई, तू ती सोडणार नाहीस हे माहीत आहे, पण जिना उतरून पुन्हा चढावा लागतो, तेव्हा ते सुरुवातीलाच उरकून घे.

विलाँद्री ही खरी तुझी जागा. तूरच्या पश्चिमेला 15 किलोमीटरच्या आसपास. बसच्या भरवशावर राहू नका, टॅक्सी घ्या, आणि परतीची वेळ जातानाच ठरवून टाकायची. इथली परसबाग जगप्रसिद्ध आहे: एकसारख्या आकाराचे नऊ चौक, प्रत्येकाची नक्षी वेगळी, कडेला मेंदीच्या कुंपणासारखी कातरलेली बुटकी झुडपं, आणि रंग भरलेत ते भाज्यांनी. जांभळा कोबी, निळसर पानांचा लीक (कांद्याच्या कुळातला), बीट, गाजराचा पाला. लागवड वर्षातून दोनदा होते, वसंतात आणि जूनमध्ये. त्यामुळे जूनच्या मध्यावर येणाऱ्यांना निम्मे वाफे उघडे दिसतात आणि ते नाराज होऊन जातात. सप्टेंबरअखेर भोपळ्यांसकट सगळं भरलेलं असतं. एकाच जागी तीच भाजी पुन्हा घेत नाहीत, पाळी बदलतात. आपल्याकडे कांद्यानंतर हरभरा घ्यावा, तसंच.

गंमत म्हणजे ही बाग जुनी दिसते, पण आजचं रूप विसाव्या शतकातलं आहे. 1906 मध्ये ज्योआकिम कारव्हालो या स्पॅनिश गृहस्थाने पत्नी अ‍ॅन कोलमन हिच्यासह हा वाडा घेतला आणि इथलं इंग्रजी धाटणीचं उद्यान काढून जुन्या पद्धतीची बाग उभी केली. तिकीट दोन प्रकारचं मिळतं: नुसती बाग, किंवा बाग आणि वाडा. दुसरं घ्या. खोल्यांसाठी नव्हे, बुरुजासाठी. ही नक्षी वरून बघण्यासाठीच आखली आहे. वाफ्यांमध्ये उभं राहिलं तर नुसता कोबी दिसतो. गुडघे नको म्हणाले तर वाड्याच्या दिवाणखान्यांच्या पातळीवरच्या गच्चीवरूनही बरंच दिसतं.

शांबोर प्रचंड आहे. 1519 मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने बांधायला घेतलं: 282 चुली, म्हणजे शेकोटीच्या, आणि राजा स्वतः तिथे सगळे मिळून दोन-अडीच महिनेच राहिला. एवढ्या खोल्या ऊबदार होणार कशा? सामानसुमान दरबाराबरोबर यायचं आणि परत जायचं. तूरहून ब्ल्वापर्यंत गाडी आणि पुढे बस. मधला जिना दुपदरी आहे, एकमेकांत गुंफलेले दोन जिने. बाबा एकाने, आई दुसऱ्याने चढली तर मधल्या खिडक्यांतून दिसाल, पण भेटाल वरतीच. लिफ्ट नाही. बाहेरच्या कडेने चढा, तिथे पायरी रुंद असते. एकच मजला बघण्याइतकी ताकद असेल तर खोल्या गाळा आणि गच्चीवर जा: धुराड्यांचं गाव, आणि समोर 2017 मध्ये नव्याने केलेली बाग.

भोवतीचं रान 5,440 हेक्टर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या निम्मं, आणि त्याला 32 किलोमीटरची भिंत. ते चालायच्या भानगडीत पडू नका. मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर लाल हरणांचे नर माजावर येतात आणि संध्याकाळी त्यांचं घोगरं हंबरणं दूरवर ऐकू येतं. ऐकायचं असेल तर शेवटची बस चुकणार हे धरूनच ब्ल्वाहून टॅक्सी सांगून ठेवा. आयत्या वेळी तिथे टॅक्सी मिळत नाही.

जेवण बारा ते दोन. दोननंतर बहुतेक खानावळींची चूल बंद. पाणी मागताना ‘युन काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. नुसतं ‘वॉटर’ म्हटलं की विकतची बाटली येते. शेळीच्या चीजचं सॅलड शाकाहारी समजून मागवलं जातं आणि वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात, म्हणून आधीच ‘साँ लार्दों’ सांगायचं. इथलं सँत-मोर चीज घ्या. लांबट असतं आणि मधून गवताची काडी घातलेली असते. ती काडी खायची नाही.

सगळ्या बागांच्या वाटा बारीक खडीच्या आहेत. चाकाची खुर्ची त्यात रुतते आणि काठी घसरते. बाबा, काठीच्या टोकाचं रबर निघायच्या आधी बदलून घ्या. आणि नवे बूट नकोत, पायात बसलेलेच आणा.

तारखा पक्क्या झाल्या की कळवा, गाडीची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात.

तुमची लेक