देशाची आठ पाने, प्रभागाचे एक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुढीपाडव्याला सकाळी दार उघडले तर कडीला एक पुस्तिका अडकवलेली. गुळगुळीत कागद, सोळा पाने, सगळी रंगीत. जानेवारीत आमच्या प्रभागातून जे चार नगरसेवक निवडून आले, त्यांतल्या एकाने ती काढली आहे. वर ठळक अक्षरांत ‘नागरिकांशी संवाद’, आणि मागच्या पानावर संपर्कासाठी दिलेला नंबर कार्यकर्त्याचा.

माझी निम्मी नोकरी जकात नाक्यावर गेली. आत काय आहे ते मोजल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. पेन्सिल घेऊन पाने मोजली. मुखपृष्ठ एक, वरिष्ठ नेत्यांच्या छायाचित्रांचे एक, शेवटचे शुभेच्छांचे एक. देशापुढील प्रश्न आणि देशाची प्रगती, आठ. हळदीकुंकू, दहीहंडी, नेत्रतपासणी, दहावीच्या मुलांचे सत्कार, पालखीचे स्वागत, चार. उरले एक, ते प्रभागातल्या कामांचे. त्यातही वरचा अर्धा भाग एका उद्घाटनाच्या छायाचित्राने खाल्ला आहे.

नगरसेवकाने देशाविषयी बोलूच नये, गटारावर बोलावे, असे म्हणणारी मंडळी आमच्या कट्ट्यावर आहेत. मी त्यांच्यातला नाही. देशाचे प्रश्न शेवटी कुठल्यातरी गल्लीतच येऊन पडतात. तक्रार वेगळी आहे. या आठ पानांत जे छापले आहे ते आम्ही आपल्याच पैशाने, आपल्याच वर्तमानपत्रात, आधी वाचलेले आहे. नगरसेवकाला जे दिसते आणि आम्हाला दिसत नाही, ते मात्र एका ओळीतही नाही.

तिसऱ्या पानावर जीएसटी आहे. ‘एक देश, एक कर’, व्यापार सुलभ झाला, वगैरे. इथे मी थांबलो, कारण या गोष्टीने माझे टेबल हलवले होते. सोलापूर रस्त्यावरच्या नाक्यावर रात्रपाळीला बसायचो तेव्हा ट्रकच्या रांगा लागलेल्या असत आणि पहाटेपर्यंत पावत्या फाडून अंगठा काळा होई. पुणे शहराचा खर्च मोठ्या प्रमाणात त्या पावत्यांवर चाले. ३१ मार्च २०१३ च्या मध्यरात्री जकात बंद झाली, दुसऱ्या दिवसापासून तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांना एलबीटी माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही विषय संपला. नाके गेले ते बरेच झाले. तिथला धूर, तिथल्या रांगा आणि तिथले इतर काही व्यवहार मी जवळून पाहिले आहेत, त्यांच्या नावाने मला गळा काढायचा नाही.

पण तेव्हा पैसा रोज रात्री पेटीत मोजला जाई आणि सकाळी पालिकेत जमा होई. आता राज्य सरकारकडून दरमहा भरपाई येते. मूळ उत्पन्नात दरवर्षी आठ टक्के वाढ धरून ती मिळेल, असे २०१७ च्या राज्याच्या कायद्यात ठरले. शहर आठ टक्क्यांपेक्षा जोरात वाढले तर? जुन्या दिवसांत जास्त माल आला की जास्त जकात, असा सरळ हिशेब होता. आता आमच्या भागात नव्या इमारतींचे मनोरे उभे राहतात, त्यांच्यासाठी पाणी, ड्रेनेज, रस्ते लागतात, आणि महापालिकेच्या हातात स्वतःचे म्हणून मोठे काय, तर मिळकतकर आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क. जीएसटीवर पान खर्चायचेच होते तर हे लिहायला हवे होते. यंदा भरपाई किती आली, आमच्या प्रभागातून मिळकतकर किती गेला, त्यातला इथे किती खर्च झाला. अंदाजपत्रकाचे जाड पुस्तक नगरसेवकाच्या घरी येते, आमच्या नाही.

पाचव्या-सहाव्या पानावर ‘एक देश, एक निवडणूक’. सततच्या निवडणुकांमुळे, आचारसंहितेमुळे विकासकामे अडतात, असा मुद्दा. वाचून हसावे की काय करावे ते कळेना. पुण्यात महापालिकेसाठी आम्ही मत दिले २१ फेब्रुवारी २०१७ ला, त्यानंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पावणेचार वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी करावी, असे संविधानाच्या २४३-यू कलमात स्वच्छ लिहिलेले आहे. ती लांबली, कारण ओबीसी आरक्षणासाठी न्यायालयाने घातलेली तीन अटींची ‘तिहेरी चाचणी’, त्यासाठी नेमलेला बांठिया आयोग, प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा यावरून दोन सरकारांची ओढाताण, मग न्यायालयाचा ‘जैसे थे’ आदेश. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कान धरला तेव्हा गाडी हलली. वारंवार निवडणुकांनी विकास अडत असेल, तर या काळात एकही पालिका निवडणूक नव्हती. मग विकास किती धावला, हे सांगायला आमच्या नगरसेवकांइतका जाणता साक्षीदार दुसरा कोण?

कारण ते २०१७ लाही निवडून आले होते. मुदत संपल्यावर त्यांच्या पाटीवर ‘माजी’ चिकटले. त्या काळात मी एकदा ड्रेनेजच्या कामासाठी त्यांच्याकडे गेलो होतो. चहा दिला, ऐकून घेतले आणि म्हणाले, “काका, आता मलाच साहेबांची वेळ मागायला लागते. पूर्वी मी बोलवायचो.” हे वाक्य माझ्या मनात राहिले आहे. लोकांनी निवडलेला माणूस नसला की अर्ज कुठे जातो, स्थायी समिती नसताना निविदेवर प्रश्न कोण विचारतो, याच्यावर त्यांनी दोन पाने लिहिली असती तर ती मी कापून ठेवली असती. एकत्र निवडणुकांचा विचार करायला नेमलेल्या कोविंद समितीने मार्च २०२४ च्या अहवालात स्थानिक संस्थांच्या निवडणुका लोकसभा-विधानसभेनंतर शंभर दिवसांत घ्याव्यात असे सुचवले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेले घटनादुरुस्ती विधेयक मात्र लोकसभा आणि विधानसभांपुरतेच आहे. म्हणजे आपल्या पंगतीतले ताट पुन्हा मागेच. याविषयी नगरसेवक म्हणून त्यांचे मत काय? पुस्तिकेत पक्षाचे मत आहे.

महिला आरक्षणाचेही एक पान आहे. संसदेत तेहतीस टक्के मिळणार म्हणून अभिनंदन. महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत पन्नास टक्के २०११ सालीच केले, याचा उल्लेख नाही. आमच्या चारपैकी दोन नगरसेविका आहेत. उद्घाटनाच्या छायाचित्रात त्या दुसऱ्या रांगेत उभ्या आहेत आणि पहिल्या रांगेत नारळ धरून त्यांतल्या एकीचे यजमान.

जनगणना एका चौकटीत उरकली आहे, वास्तविक सगळ्यात मोठा विषय तोच होता. यंदा एप्रिल ते सप्टेंबर या काळात घरयादी आणि पुढच्या फेब्रुवारीत माणसांची गणना व्हायची आहे, जातीच्या नोंदीसह. आमचे प्रभाग अजूनही २०११ च्या आकड्यांवर आखलेले आहेत. त्या साली आमच्या सोसायटीच्या पलीकडे उसाचे शेत होते. आज तिथे चार उंच इमारती आहेत आणि सकाळी लिफ्टला रांग असते. ती सगळी माणसे प्रभागाच्या हिशेबात नाहीतच. प्रगणक आला की दार उघडा, भाडेकरूंची नावे लपवू नका, बाहेरगावी गेलेला मुलगा कुठे मोजायचा, हे घरोघर सांगण्याचे काम नगरसेवकाचे आहे. चौकटीत ‘डिजिटल जनगणना’ एवढाच डंका.

आता पथविक्रेत्यांचे. ‘पीएम स्वनिधी’ योजनेचे कौतुक एका पानभर आहे. पान मी मुद्दाम रस्त्याकडेच्या भाजीवाल्या मावशींना दाखवले. त्यांनी २०२० नंतर दहा हजारांचे कर्ज घेतले, फेडले, पुढचेही घेतले. योजना चांगली आहे, असे त्या स्वतःच म्हणतात. मग पुस्तिका उलटसुलट करून विचारले, “ह्यात माझी जागा कुठं बसायची ते लिवलंय का?” २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात शहर फेरीवाला समिती, विक्री क्षेत्रे, प्रमाणपत्र हे सगळे आहे. दिल्लीत झालेला तो कायदा आमच्या वळणावर किती पोचला, एवढे मावशींना हवे होते. मी काय सांगणार?

सामाजिक जीवनाच्या चार पानांबद्दल मात्र मला जरा हात राखून लिहावे लागेल. माणूस लोकांत मिसळणारा आहे. कोणाच्या बारशाला, कोणाच्या दहाव्याला चुकत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी पहाटे तीनला त्याने फोन उचललेला मी ऐकला आहे. गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गेले, तर वैकुंठ स्मशानभूमीत हा शेवटपर्यंत उभा होता, आणि एकही फोटो काढला नाही. पुस्तिकेत हे काही नाही. छापण्यासारखेही नाही म्हणा.

छापले आहे ते पालखीचे. आमच्या हडपसरला ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालख्या येतात आणि इथूनच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाटाने सासवडकडे, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. त्या दिवशी आमच्या भागात कोणी कोणाला बोलवत नाही. बायका आदल्या रात्रीपासून पिठले-भाकरीच्या तयारीला लागतात, सलूनवाला फुकट दाढ्या करतो, चांभार रस्त्याच्या कडेला बसून वारकऱ्यांच्या चपला शिवून देतो, शाळेची पोरे पाण्याचे ग्लास घेऊन पळतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. पुस्तिकेत मात्र त्याच्यावर ‘आयोजक’ म्हणून एकच नाव आहे, आणि रेनकोट वाटपाच्या छायाचित्रात रेनकोटपेक्षा रेनकोटवरचे नाव मोठे. समाज जे आपणहून करतो त्यावर पावती फाडू नये, एवढीच विनंती. जकातवाल्याकडून ही विनंती आल्याचे त्यांनाही हसू येईल.

वारकऱ्यांसाठी महापालिकेने त्या दिवशी फिरती शौचालये किती लावली, पाण्याचे टँकर किती, दुसऱ्या दिवशी कचरा उचलायला किती माणसे लागली, हे आकडे दिले असते तर वेगळी गोष्ट. ते काम नगरसेवकानेच पाठपुरावा करून होते. तेच पान नेमके कोरे.

राहिले प्रभागाचे एक पान. त्यात नऊ कामे आहेत. ‘रस्ता डांबरीकरण’, ‘ड्रेनेज लाइन’, ‘सुशोभीकरण’, अशी. कुठला रस्ता, किती मीटर, किती रकमेचे, कुणी केले, कधी सुरू, कधी पुरे, काही नाही. मागच्या मुदतीत ‘स’ यादीतल्या, म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या कामांसाठीच्या, पैशातून बाकडी बसली, कापडी पिशव्या आणि बादल्या वाटल्या गेल्या, हे पुणेकर विसरलेले नाहीत. आमच्या दोन गल्ल्यांत मिळून तेवीस बाकडी आहेत, मी मोजली आहेत. बसायला सावली एकालाच आहे.

त्यांना सुचवावेसे वाटते ते थोडके आहे. पुढचा अंक काढताना देशाचा एकच विषय घ्या, पण तो आपल्या प्रभागात आणून उभा करा. उदाहरण मीच देतो. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांचे अनुदान हवेची गुणवत्ता, पाणी आणि घनकचरा यांच्याशी बांधले होते. त्यातले पुण्याला किती आले, आणि बांधकामांच्या धुळीने खोकणाऱ्या आमच्या भागात त्याचे काय झाले? आणि मोहल्ला कमिटीची तारीख शेवटच्या पानावर, त्या कार्यकर्त्याच्या नंबरखाली का होईना, छापा. मागच्या बैठकीला आम्ही चार नागरिक होतो आणि अधिकारी सहा, कारण तारीख कोणाला माहीतच नव्हती.

पुस्तिका मी रद्दीत टाकलेली नाही. पालखीचे पान शेजारच्या आजींनी मागून नेले, त्यात त्यांचा नातू पाण्याची बादली घेऊन कोपऱ्यात दिसतो. बाकीची पाने पेन्सिलीच्या खुणांसह माझ्याकडे आहेत. नगरसेवकांना हवी असतील तर त्यांनी चहाला यावे, साखर कमी घालतो.

आपला,
एक निवृत्त जकात कारकून,
हडपसर, पुणे