मसुद्यातले खोडलेले वाक्य

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

गेले सात महिने मी तुला पत्र लिहिले नाही आणि तुझ्या दोन पत्रांना उत्तरही दिले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा पूर्वीइतकाच दुखतो. आज लिहायला बसले, कारण परवा जुन्या कपाटात एक कागद सापडला आणि तो हातात घेऊन कितीतरी वेळ मी तशीच उभी राहिले. त्या कागदाविषयी बोलावे असे तुझ्याशिवाय दुसरे कोणी मला नाही.

आमच्या विभागाने सुबोध लेखनाच्या पुरस्कारांसाठी प्रवेशिका पाठवायचे ठरवले आहे. विमेदार गेल्यानंतर त्याच्या घरी जाणारे ते आपले पत्र, जे आपण दोघींनी नानांच्या देखरेखीखाली तीन दिवस बसून तयार केले आणि जे पुढे चौदा वर्षे एक अक्षरही न बदलता जात राहिले, ते मी गेल्या वर्षी नव्याने लिहिले. स्पर्धेत ‘आधी आणि नंतर’ असा एक गट आहे. अमेरिकेतल्या क्लिअरमार्क पुरस्कारांत आणि न्यूझीलंडमधल्या पुरस्कारांतही असा गट असतो, हे तुला आठवत असेल. त्यांच्याविषयी पहिल्यांदा तूच मला सांगितले होतेस. या गटात जुना मजकूर जसाच्या तसा जोडावा लागतो, त्यात काय चुकले होते ते लिहावे लागते आणि नवा मजकूर कोणाकडून वाचून घेतला, त्याचा काय उपयोग झाला, हेही सांगावे लागते.

म्हणजे आपले पत्र परीक्षकांसमोर ‘वाईट लेखनाचा नमुना’ म्हणून ठेवायचे. माझी पहिली काळजी ही होती.

तुला ते वाक्य पाठ असेल, तरी लिहिते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, मयत विमेदाराच्या दाव्यासंदर्भातील विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह विहित मुदतीत या कार्यालयास प्राप्त न झाल्यास सदर दावा विचारात घेतला जाणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.’ शब्द ३६. तू नानांना म्हणाली होतीस की हे एका दमात वाचून दाखवा, म्हणजे मी सही करते. आणि नानांनी चष्मा सारखा करून ते खरोखरच एका दमात वाचले आणि वर विचारले, ‘आणखी एखादे आहे का?’ त्या दिवशी आपण किती हसलो! हसता हसता एक गोष्ट मात्र आपल्या तिघांच्याही लक्षात आली नाही. त्या वाक्यात ‘विहित’ हा शब्द दोनदा आहे, पण मुदत किती दिवसांची ते कुठेच नाही. ‘आवश्यक ती सर्व कागदपत्रे’ आहेत, पण ती कोणती ते नाही. वाचणाऱ्याला त्या पत्रातून एवढेच कळत होते की काहीतरी राहिले तर पैसे मिळणार नाहीत. ‘विहित’ तुझा होता, आणि त्यावरून मी आजही तुझ्याशी भांडायला तयार आहे.

नवे पत्र असे आहे: ‘विम्याची रक्कम मिळण्यासाठी सोबतचा अर्ज भरा आणि त्याला पुढचे तीन कागद जोडा. हे सगळे आमच्याकडे ९० दिवसांत पोहोचू द्या. एखादा कागद मिळत नसेल, तर त्यासाठी अर्ज थांबवू नका. आम्हाला कळवा; त्याऐवजी काय चालेल ते आम्ही सांगू.’ खाली तीन कागदांची नावे वेगवेगळ्या ओळींवर आहेत आणि प्रत्येकापुढे तो कुठे मिळतो ते लिहिले आहे. तू म्हणशील, एवढ्यासाठी वर्ष लागले? हो, वर्षच लागले. ‘एखादा कागद मिळत नसेल तर’ हे वाक्य कायदा विभागाकडून मंजूर करून घेण्यातच चार महिने गेले. त्यांचे म्हणणे असे की नियमात सवलत आहे, पण ती आपण होऊन सांगण्याची गरज नाही. मी त्यांना विचारले की जी सवलत वाचणाऱ्याला माहीतच होणार नाही, ती नियमात कोणासाठी लिहिली आहे? नाना असते तर त्यांनी माझी बाजू घेतली असती, असे मला वाटते; तुला नाही वाटणार.

स्पर्धेचे निकष २०२३ साली आलेल्या आयएसओ २४४९५-१ या सुबोध भाषेच्या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेले आहेत. ते वाचताना तुझी सारखी आठवण येत होती, कारण त्याचा गाभा तोच आहे, जो तू जिन्यात उभी राहून मला पटवून देत असायचीस आणि जो मी मान्य करत नसे: वाचणाऱ्याला जे हवे ते त्याला सहज सापडले पाहिजे, सापडलेले समजले पाहिजे आणि समजलेले वापरता आले पाहिजे. या तिन्हींच्या आधी आणखी एक तत्त्व आहे, ते म्हणजे मजकूर मुळात वाचणाऱ्याच्या गरजेचा असला पाहिजे. भाषेबरोबरच मांडणी आणि रचना यांचाही त्यात विचार आहे. मला तेव्हा वाटे की सोपे लिहिणे म्हणजे लहान मुलांसाठी लिहिणे, आणि पत्राला वजन असल्याशिवाय लोक ते गांभीर्याने घेत नाहीत. त्या मतावर मी किती वर्षे अडून राहिले, हे तुझ्याइतके कोणाला माहीत नाही.

अर्जात एके ठिकाणी विचारले आहे की मजकुराची वाचनीयता कशी तपासली. इंग्रजीसाठी रूडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली मांडलेले सूत्र आहे, त्यात वाक्याची लांबी आणि शब्दातली अक्षरे मोजतात. मी ते मराठीवर वापरून पाहिले आणि सोडून दिले. ‘अन्वये’ हा तीन अक्षरांचा शब्द सूत्राला सोपा वाटतो आणि ‘पाठवण्याआधी’ हा सहा अक्षरांचा शब्द अवघड वाटतो. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे साधा शब्दही लांब होतो. म्हणून आम्ही माणसांसमोर बसलो. ज्यांनी स्वतः असा दावा केला होता, अशा नऊ जणांना जुने आणि नवे पत्र मोठ्याने वाचायला दिले आणि प्रत्येक परिच्छेदानंतर एकच प्रश्न विचारला, ‘आता तुम्ही काय कराल?’ ‘समजले का?’ असे विचारायचे नाही, हे मी आधीच ठरवले होते, कारण त्या प्रश्नाला सगळे ‘हो’च म्हणतात.

त्यातल्या एका बाई जुने पत्र वाचताना ‘मयत विमेदाराचे नाव’ या रकान्यापाशी थांबल्या. त्यांनी कागद खाली ठेवला आणि मला विचारले, ‘हे आमच्या यांच्याबद्दल आहे होय?’ वसुधा, त्यांना शब्द समजला नव्हता असे नाही. त्या शब्दात त्यांना त्यांचा माणूस सापडत नव्हता. नव्या अर्जात आम्ही तिथे ‘ज्यांचा विमा होता त्यांचे नाव’ असे छापले आहे. हा प्रसंग मी प्रवेशिकेत लिहिला आणि त्याच्यापुढे लिहिले की जुन्या पत्राच्या लेखकांनी वाचणाऱ्याच्या मनःस्थितीचा विचार केलेला नव्हता.

हे लिहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, जुन्या पत्राची मूळ प्रत हवी म्हणून मी कपाट उघडले आणि मला आपला पहिला मसुदा सापडला. तो तुझ्या अक्षरात आहे. त्यात ‘मयत’ नाही, ‘दिवंगत’ आहे. आणि ‘उपरोक्त’च्याही आधी, सगळ्यात वर, तू हे लिहिले होतेस: ‘आपल्या घरातील व्यक्ती गेल्याचे आम्हाला कळले. अशा दिवसांत कागद गोळा करणे किती अवघड असते, हे आम्ही जाणतो. म्हणून अगदी गरजेचे तेवढेच मागत आहोत.’ त्यावर लाल शाईची तिरपी रेघ आहे आणि समासात लिहिले आहे, ‘अनावश्यक. पत्र भावनिक नको.’ ‘दिवंगत’ खोडून वर ‘मयत’ही त्याच शाईने लिहिले आहे. दोन्ही ठिकाणी अक्षर माझे आहे.

मला हे आठवत नव्हते. चौदा वर्षे मी असे धरून चालले होते की ‘मयत’ नानांनी घातला. शकूलाही मी तसेच सांगितले आहे.

याहून जड जाणारी गोष्ट पुढे आहे. नव्या पत्राची पहिली दोन वाक्ये अशी आहेत: ‘तुमच्या घरातली व्यक्ती गेल्याचे आम्हाला कळले. या दिवसांत कागद गोळा करणे सोपे नसते, म्हणून आम्ही फक्त गरजेचे कागद मागत आहोत.’ ही वाक्ये मला सुचली, असे मी प्रामाणिकपणे समजत होते. सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले. चाचणीला आलेल्या त्याच बाईंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या की पत्र माणसाने लिहिल्यासारखे वाटते. ती तुझी आहेत. मी ती एकदा खोडली आणि कुठेतरी मनात ठेवून इतक्या वर्षांनी स्वतःच्या नावावर लिहिली. मी हे जाणूनबुजून केलेले नाही, यावर तू विश्वास ठेवशील हे मला माहीत आहे, तरीही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता प्रवेशिकेत हे कसे लिहायचे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. तिथे ‘लेखनात सहभागी व्यक्ती’ असा रकाना आहे. त्यात तुझे नाव घालावे, असे मला वाटते, पण तुला न विचारता घालणार नाही, कारण त्याच प्रवेशिकेत जुन्या पत्राखालीही तुझे नाव येईल. क्रिसी माहेर यांनी १९७९ साली लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये सरकारी फॉर्मांचे तुकडे करून सोप्या इंग्रजीसाठीची मोहीम सुरू केली, ती गोष्ट तुला फार आवडायची. त्याच मोहिमेने पुढे दुर्बोध मजकुराला ‘गोल्डन बुल’ द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यावर मात्र तू म्हणाली होतीस की फॉर्मची चेष्टा करताना तो लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी काय सांगण्यात आले होते, तेही कोणीतरी विचारावे. ते वाक्य आठवल्यावर मी प्रवेशिकेतला ‘जुन्या पत्राच्या लेखकांनी’ हा भाग काढून टाकला आहे. त्याजागी लिहिले आहे: ‘जुन्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात सांत्वनाची दोन वाक्ये होती. ती संपादन करताना काढण्यात आली.’ आणि मग माझ्या लक्षात आले की ‘काढण्यात आली’ म्हणजे पुन्हा तीच कर्ता लपवणारी भाषा, जिच्याविरुद्ध ही सगळी प्रवेशिका आहे. आता तिथे ‘ती मी काढली’ असे आहे. साहेबांना ते आवडलेले नाही. ते म्हणतात, स्पर्धेत कबुलीजबाब नको. मी बदलणार नाही.

तुझ्या दोन्ही पत्रांतल्या बातम्या मी नीट वाचल्या आहेत. नव्या घरात तुझी पुस्तके लागली का? धाकटीचा निकाल कळला, फार आनंद झाला. तिला माझे आशीर्वाद सांग. दादांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेलच, कशी झाली ते कळव. याहून सविस्तर पुढच्या पत्रात विचारीन.

प्रवेशिका पाठवायची शेवटची तारीख या महिन्याची ३० आहे. सोबत मसुद्याची छायाप्रत, नवे पत्र आणि प्रवेशिकेचा मजकूर पाठवत आहे. तिन्ही वाच. जुने पत्र तुझ्या नावासह द्यायला तुझी हरकत असेल, तर आपण ‘आधी आणि नंतर’ सोडून फक्त नव्या पत्रासाठीच्या गटात जाऊ. तिथे जुना मजकूर लागत नाही. तो अर्जही मी भरून ठेवला आहे. सहभागी व्यक्तींचा रकाना दोन्हींमध्ये कोरा आहे.

आणखी एक. तुझ्या मसुद्यात ‘किती अवघड असते, हे आम्ही जाणतो’ असे आहे आणि मी ‘सोपे नसते’ एवढेच ठेवले आहे. आज दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तेव्हा तुझे अधिक चांगले वाटले. पत्राची पुढची छपाई व्हायची आहे, तेव्हा ते बदलता येईल. काय ठेवू, ते कळव.

तुझी,
मंदा