२३ जुलैची पूर्ण गोष्ट छापा

संपादक साहेब, नमस्कार.

दरवर्षी २३ जुलैला राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पेपरांत एक छोटी चौकट येते, आकाशवाणीचा फोटो आणि खाली दोन ओळी की १९२७ साली या दिवशी मुंबईत रेडिओ सुरू झाला. बरोबर आहे, पण ते स्टेशन आकाशवाणीचं नव्हतं आणि सरकारचंही नव्हतं हे त्या चौकटीत सहसा नसतं. ते होतं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या प्रायव्हेट कंपनीचं, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले होते, आणि ही कंपनी तीन वर्षं पण टिकली नाही. २०२७ ला याला शंभर वर्षं होतायत म्हणून हे पत्र.

मुंबईत त्याच्याही आधी १९२३ पासून रेडिओ क्लबवाले हौशी लोक प्रसारण करत होतेच, पण धंदा म्हणून रीतसर उभं राहिलेलं पहिलं स्टेशन हेच, आणि साधारण महिन्याभराने कंपनीने कलकत्त्यालाही दुसरं सुरू केलं. आता पैशाचं बघा. भांडवल ठरलं होतं १५ लाखांचं, जमले ६ लाख, त्यातले साडेचार लाख दोन स्टेशनं उभारण्यातच गेले. मग रोजचा खर्च कशातून, तर मुख्य कमाई लायसन्स फीची, रेडिओ घरात ठेवायचा तर वर्षाला १० रुपये भरायचे आणि त्यातले ८० टक्के कंपनीला, म्हणजे एका घरामागे वर्षाला आठ रुपये. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा, मुंबईबाहेर जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर नीट ऐकू येणार, रेडिओ सेट बाहेरून येणारे आणि महाग, आणि ज्यांच्याकडे होते त्यातले पण बरेच जण लायसन्स न काढताच ऐकायचे. कंपनी काय करणार? १ मार्च १९३० ला दिवाळं निघालं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. सरकारने एप्रिल १९३० ला स्टेशनं ताब्यात घेतली, तोटा बघून १९३१ मध्ये बंद करायचं ठरवलं, लोकांनी ओरड केली तेव्हा निर्णय फिरवला आणि १९३२ मध्ये सेवा कायमची चालू ठेवायचं नक्की झालं. त्याच सुमारास सेवेसाठी पैसा यावा म्हणून बाहेरून येणाऱ्या रेडिओ सामानावरची ड्यूटी ५० टक्के केली, आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आला, त्याने विनालायसन्स सेट जवळ ठेवणं हाच गुन्हा झाला. म्हणजे कंपनीला जे पाहिजे होतं ते सगळं ती मेल्यावर आलं! हेच दोन-तीन वर्षं आधी झालं असतं तर आपल्याकडचा रेडिओ कदाचित वेगळ्याच वाटेने गेला असता असं मला मनापासून वाटतं. ऑल इंडिया रेडिओ हे नाव तर १९३६ चं आहे.

पुढे जाहिरातींवर चालणारा रेडिओ ऐकायचा तर लोक श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावायचे, आपल्याकडे १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि त्याही पहिल्यांदा मुंबई-पुणे-नागपूर याच केंद्रांवर, याचा तर महाराष्ट्राने अभिमान धरायला पाहिजे. आणि प्रायव्हेट एफएम आलं तेव्हा परत तोच प्रकार. सुरुवातीच्या स्टेशनांना ठरलेली लायसन्स फी, ती पण दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारी, कमाई होवो न होवो. मुंबईतलं विन ९४.६ काही वर्षांत बंदच पडलं. २००५ मध्ये धोरण बदललं आणि उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशोब आला तेव्हा कुठे बाकीच्यांना श्वास घेता आला. प्रश्न नुसत्या श्रोत्यांच्या संख्येचा नव्हता हो, पैशाची मांडणीच चुकलेली होती, १९२७ ला पण आणि नंतर पण. आज एफएमवाल्यांना सरकारी बातम्या रिले करण्यापलीकडे स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यावर बोलताना सुद्धा हा इतिहास माहीत असायला हवा.

म्हणून विनंती अशी की २०२७ च्या जुलैमध्ये चौकटीवर भागवू नका, एक पूर्ण पान द्या. १९२७ ते ३० चे मराठी पेपर लायब्ररीत असतील तर त्यात रेडिओबद्दल काय छापून यायचं, मराठी माणसाला त्यावर काय ऐकायला मिळायचं, हे कोणा रिपोर्टरला शोधायला सांगा. आणि आत्तापासूनच वाचकांना आवाहन करा, अनेक घरांत आजोबांची रेडिओ लायसन्सची पुस्तकं असतील, पोस्टात जाऊन दरवर्षी रिन्यू करायचे ती, कोणाकडे कंपनीच्या 'इंडियन रेडिओ टाइम्स' या कार्यक्रमपत्रिकेचा एखादा अंक पण निघेल. एफएमच्या पहिल्या बॅचमधले निवेदक आणि इंजिनिअर तर अजून कामात आहेत, त्यांना आत्ताच बोलतं करा, त्यांच्याकडच्या जुन्या सीडी आणि कॅसेट रद्दीत जायच्या आत.

आपला,
एक रेडिओ श्रोता, गिरगाव