आखाजी ते कानबाई : आधी परतीचे कागद, मग तिकीट

संपादक महोदय,

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खान्देशात लग्नांची घाई सुरू होते आणि श्रावणात घरोघरी कानबाईचे रोट होतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांची उन्हाळी सुट्टी साधारण याच काळात, मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असते. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांतून तिकडे शिकणाऱ्या मुलामुलींना एकच प्रश्न जातो, "कधी येतोस?" आमची कळकळीची विनंती आहे की त्याआधी "तुझ्या पासपोर्टवरचा व्हिसा कधी संपतो?" हे विचारावे. भारतीय पासपोर्टवर भारतात यायला अडचण नाही. अडते ते परत जाताना, आणि बहुतेकांना ते तिकीट काढून झाल्यावर कळते.

गोंधळाचे मूळ एकच आहे. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा फक्त अमेरिकेच्या दारात उभे राहण्यापुरता असतो. आत राहण्याचा हक्क विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावर आणि आय-९४ या प्रवेशनोंदीवर चालतो. त्यामुळे व्हिसाची तारीख उलटून गेली तरी विद्यार्थी तिथे कायदेशीरपणे शिकत राहतो, त्याला काही जाणवतही नाही. देशाबाहेर पाऊल टाकले की मात्र त्या व्हिसावर परत जाता येत नाही, नवा घ्यावा लागतो. आपल्या मुलांना एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा साधारणपणे पाच वर्षांचा मिळतो. मास्टर्सची दोन वर्षे आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना पदवीनंतर मिळणारी कामाची तीन वर्षे (ओपीटी) मिळून ती पाच वर्षे संपतात. पीएच.डी. करणाऱ्यांचा व्हिसा तर अनेकदा पदवी हातात पडण्याआधीच संपलेला असतो.

पूर्वी नूतनीकरणाला ड्रॉपबॉक्सची सोय होती. कागद जमा केले की मुलाखत टळायची. २ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांसाठी ती जवळपास बंदच झाली. त्याच महिन्यात, ६ सप्टेंबरला, अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा असाही नियम आला. म्हणजे येताजाता दुसऱ्या एखाद्या देशात स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेणे, उरकण्याचा मार्गही आपल्यासाठी राहिला नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा सल्ला आज चालत नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या चौकशांत सर्वांत जास्त नुकसान अशाच जुन्या सल्ल्याने झालेले दिसते.

नव्या व्हिसासाठी डीएस-१६० अर्ज भरायचा आणि १८५ डॉलर शुल्क भरायचे. शिक्षण सलग चालू असेल तर सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीचे शुल्क पुन्हा लागत नाही. तरी सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून लोक ते भरून बसतात. त्यानंतर दोन वेगवेगळ्या वेळा घ्याव्या लागतात, एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी व्हिसा अर्ज केंद्रात, दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी. दोन्ही बहुधा एकाच दिवशी मिळत नाहीत, म्हणून भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी काम आटोपून परत, असा हिशेब करू नये. मुंबईत मुक्काम धरूनच निघावे. दूतावासात मोबाईल नेता येत नाही, तो सांभाळायला सोबत कुणी असलेले बरे. स्लॉटची, म्हणजे या वेळांची, सर्वांत जास्त ओढाताण मे ते ऑगस्टमध्ये असते, कारण पहिल्यांदा जाणारी मुलेही तेव्हाच रांगेत असतात. स्लॉट हातात येईपर्यंत तिकीट काढू नये.

समाजमाध्यमांचाही प्रश्न आहे. १८ जून २०२५ च्या घोषणेनुसार एफ, एम (व्यावसायिक शिक्षण) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसाच्या अर्जदारांनी आपली सर्व खाती सार्वजनिक ठेवायची आहेत. डीएस-१६० मध्ये मागच्या पाच वर्षांतल्या खात्यांची नावे द्यावी लागतात. एखादे जुने, बंद पडलेले खाते लिहायचे राहिले तर ते लपवले असे धरले जाऊ शकते. यादी आठवून, कागदावर लिहून मगच अर्ज भरावा.

मुलाखत चांगली झाली तरी हातात २२१(जी) ची चिठ्ठी पडू शकते. तिचा अर्थ अंतिम नकार नव्हे, पुढची तपासणी बाकी आहे असा होतो. रोबोटिक्स, सेमीकंडक्टर, अणुविज्ञान, जैवतंत्रज्ञान अशा शाखांतल्या संशोधकांना ती जास्त मिळते. तपासणीला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने, आणि ती लवकर करून देणारा कोणताही एजंट नाही. तसे सांगून पैसे मागणाऱ्याला दारातच उभे करू नये. एक पानाचा संशोधनाचा साध्या भाषेतला गोषवारा, बायोडेटा, प्रकाशित लेखांची यादी आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र आधीच तयार असेल तर निदान कागद मागवण्यात जाणारा वेळ वाचतो. याच कारणाने आमचे स्पष्ट मत आहे : व्हिसा संपलेला असेल आणि पदवीला वर्षभरच उरले असेल, तर केवळ लग्नासाठी येऊ नये. चुलतभावाच्या हळदीला नसल्याची खंत राहील, पण प्रयोगशाळेतली जागा आणि शिष्यवृत्ती गमावण्याएवढी ती मोठी नाही. घरच्या मोठ्यांनीच हे मुलांना मोकळेपणाने सांगावे, मुले स्वतःहून म्हणत नाहीत.

व्हिसा चालू असलेल्यांनी आय-२० चे दुसरे पान उघडावे. तिथे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या अधिकाऱ्याची ट्रॅव्हल सिग्नेचर लागते. शिकत असताना ती एक वर्ष चालते, ओपीटीवर असताना सहाच महिने. तारीख परतीच्या दिवशीची धरायची, निघण्याच्या दिवशीची नव्हे. चूक नेमकी इथेच होते. जे-१ वरच्या संशोधकांना तीच सही आय-२० ऐवजी मिळणाऱ्या डीएस-२०१९ या कागदावर लागते. पती, पत्नी किंवा मुले सोबत असतील तर प्रत्येकाचा कागद वेगळा आणि सहीही वेगळी. आता सही केलेला आय-२० ई-मेलने येतो, तो छापून विद्यार्थ्याने आपली सही केली की पुरते. विद्यापीठ बदलले असेल तर व्हिसावरचे जुने नाव अडत नाही, नवा आय-२० मात्र जवळ हवा. पासपोर्ट नवा काढला असेल तर व्हिसा असलेला जुनाही सोबत ठेवावा.

ओपीटीवाल्यांनी जास्त जपावे. परवानगी मंजूर आहे पण नोकरी लागलेली नाही, अशा वेळी बाहेर पडल्यास परत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. कामाचे कार्ड आणि नोकरीचे पत्र दोन्ही जवळ हवेत. पदवीनंतरच्या साठ दिवसांच्या सवलतीत देश सोडला की ती सवलत तिथेच संपते. कंपनीने एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी दर्जाबदलाचा (विद्यार्थी ते नोकरदार) अर्ज केला असेल आणि तो प्रलंबित असताना विद्यार्थी भारतात आला, तर दर्जाबदलाची मागणी सोडून दिली असे मानले जाते. निघण्याआधी विद्यापीठाच्या परवानगीशिवाय एखादा विषय सोडून पूर्णवेळ हजेरीच्या खाली गेल्यास सेविसमधली नोंद रद्द होते. गाडी चालवताना पोलिसांनी मद्यपानासाठी पकडले असेल, प्रकरण मिटले असले तरी, आधी तिथल्या वकिलाला विचारावे. अशा अटकेवरून व्हिसा रद्द होऊ शकतो.

आजारपणामुळे किंवा शेतीच्या कामासाठी काही जण सत्र सोडून घरी राहतात. पाच महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास बहुधा नवा आय-२०, नवा सेविस क्रमांक आणि ३५० डॉलरचे शुल्क पुन्हा, असे सगळे पहिल्यापासून करावे लागते.

परतीच्या प्रवासात हे सर्व कागद हातातल्या बॅगेत ठेवावेत. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची अमेरिकन तपासणी अबुधाबीतच होते, तेव्हा तिथला थांबा आखूड नको. आईने बांधून दिलेल्या डब्यांचेही सांगायला हवे. बिबडे, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स, कोरडा मसाला बहुधा जातो, पण खाद्यपदार्थ आहेत हे विचारल्यावर सांगायचेच; न सांगितल्यास दंड होतो. भरताची वांगी, केळी, कढीपत्ता, मांसाचे पदार्थ आणि कुठलेही बियाणे देऊ नये. तिथे पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत आय-९४ संकेतस्थळावर पाहावा. 'एफ-१' आणि 'डी/एस' (विद्यार्थी दर्जा टिकेपर्यंत राहण्याची मुभा) ही अक्षरे दिसली पाहिजेत. दुसरे काही दिसले तर लगेच विद्यापीठाला कळवावे. कागद अपुरा म्हणून विमानतळावर आय-५१५ए ही कागद पूर्ण करण्याची नोटीस दिली असेल तर ३० दिवसांच्या आत ते पूर्ण करून पाठवावे लागतात.

शेवटी, ज्याची तयारी कुणालाच करावीशी वाटत नाही त्याबद्दल. घरी अचानक कुणी गेले तर मूल दोन तासांत निघू पाहते आणि तेव्हा आंतरराष्ट्रीय कार्यालय बंद असते. यासाठी ट्रॅव्हल सिग्नेचर दर ऑगस्टमध्ये, प्रवास ठरलेला नसला तरी, घेऊन ठेवावी. व्हिसा संपलेला असेल आणि तरीही यावेच लागले, तर आधी मिळेल ती साधी वेळ घ्यावी, मगच तातडीच्या वेळेची विनंती करता येते. साधी वेळ न घेता केलेली विनंती पुढे जात नाही.

परदेशी शिक्षणाची कागदपत्रे पाहणारे काही जण,
जळगाव