उदाहरण आधी द्या

महोदय,

विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत मी मुलांना लिनक्स ही संगणकप्रणाली शिकवते. परवा एका विद्यार्थ्याने ‘आरसिंक’ या फायलींच्या प्रती काढणाऱ्या आज्ञेने प्रकल्पाची प्रत काढली. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ (/) दिली तर फक्त आतल्या फायली जातात, नाही दिली तर फोल्डरसकट. त्या एका रेघेपायी त्याच्या फायली दुसऱ्याच कामात मिसळल्या. पोरगा रडवेला झाला! आज्ञेच्या माहितीपानात (‘मॅन पेज’) हे आहे, पण शंभरावर पर्यायांच्या मजकुरात नवख्याला ते सापडत नाही. ज्या धर्तीवर लिनक्स बनली त्या युनिक्स प्रणालीची पहिली हस्तपुस्तिका १९७१ची. एवढ्या वर्षांनीही पुष्कळ पानांत उदाहरणे तळाशीच असतात. आज्ञावली लिहिणाऱ्या आपल्या तरुणांना कळकळीची विनंती: ‘हेल्प’ म्हटल्यावर आधी रोजच्या वापराची दोन उदाहरणे दाखवा, यादी नंतर. आज्ञा चुकीची टंकली तर ‘गिट’ हे फायलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन जवळचा शब्द सुचवते, तसे तुम्हीही सुचवा.

– एक शिक्षिका, सांगली