मार्सेलिसहून अव्याला

मार्सेलिस,
७ नोव्हेंबर २०२५

प्रिय अव्या,

तुझं पत्र मुलाने फोटो काढून पाठवलं, ते मिळालं. दोनदा वाचलं. त्यातली एक ओळ काही केल्या मनातून जात नाही. ती शेवटी घेतो, कारण इथलं सांगितल्याशिवाय माझं म्हणणं तुला नीट कळायचं नाही.

मार्सेलिस म्हटलं की आपल्यापुढे एकच चित्र उभं राहतं. ८ जुलै १९१०, मोरिया बोट, ते गोल छिद्र आणि सावरकरांची उडी. किनाऱ्यावर फ्रेंच शिपायाने धरलं, परत इंग्रजांच्या हवाली केलं, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. शाळेत एका बाकावर बसून आपण हे पाठ केलं. पण ती बोट इथे का थांबली होती, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही.

उत्तर जोलिएतच्या, म्हणजे इथल्या नव्या बंदराच्या, धक्क्यावर मिळालं. जुनं बंदर अपुरं पडायला लागलं म्हणून १८४४ पासून इथे नवा धक्का बांधायला घेतला, १८५३ मध्ये तो सुरू झाला. पुढे १८६९ साली सुएझ खुला झाला आणि पूर्वेकडच्या वाटेवर हे गाव मोठा दरवाजा होऊन बसलं. मुंबईच्या बोटी, टपाल, उतारू, सगळं इथून. त्या काळची गोदामं अजून उभी आहेत. लांबी ३६५ मीटर, दारं ५२, मजले ७. वर्षाचे दिवस, आठवडे आणि वार! मी पावलं मोजत टोकापर्यंत चालत गेलो. आता आत कचेऱ्या आणि दुकानं आहेत, पण भिंतींची जाडी पाहून हात लावल्याशिवाय राहवत नाही.

याच बंदरात सप्टेंबर १९१४ मध्ये आपले सैनिकही उतरले, मुंबई-कराचीहून निघालेले, सुती गणवेशातले. उत्तरेच्या थंडीत लढायला गेले. जे परतले नाहीत त्यांच्यापैकी अनेकांची नावं गावाबाहेर माझार्ग इथल्या स्मशानभूमीत आहेत. मी तिथे जाऊन आलो. फार काही लिहवत नाही. एवढंच सांगतो, गवत नीट कापलेलं होतं.

आता घरांकडे येतो. तुला माहीत आहे, तीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत घालवल्यावर माझी नजर दुसरीकडे जातच नाही. लेक राहते ते घर इथल्या जुन्या पद्धतीचं, तीन खिडक्यांचं. गल्लीच्या गल्ली अशाच घरांची. रुंदी साधारण सात मीटर, म्हणजे एका लाकडी तुळईची झेप. दोन बाजूंच्या भिंतींवर तुळया टेकलेल्या, वर षटकोनी लाल फरशी, आणि भिंत दोन घरांत सामाईक. माझी तुळई ज्या भिंतीवर, तिच्याच पलीकडे शेजाऱ्याची. अशी दहा-बारा घरं एकमेकांना खांदा देऊन उभी असतात. चांगली व्यवस्था आहे, पण सगळ्यांनी मिळून जपली तरच. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथेच ओल धरते आणि तिथेच कुजते. बाहेरून गिलावा अगदी शाबूत दिसतो.

या गावाने दारात आलेल्याला जागा दिली. इटालियन आले, १९२२ नंतर अर्मेनियन निर्वासित आले, १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तिथून बोटी भरभरून माणसं आली, मग कोमोरोसची बेटं सोडून आलेली. आजही बाजारात एका फळीवर मला कोथिंबीर, भेंडी आणि सुरण सापडतो. माणसं आली, पण ती राहणार कुठे, याचा विचार दर वेळी नंतर झाला, आणि बऱ्याचदा तो ज्यांना राहायचं होतं त्यांना न विचारता झाला. १८६० च्या दशकात जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढला, आजचा रिपब्लिक रस्ता. टेकडी कापली, गल्ल्या पाडल्या, गरिबांना उठवलं. ज्या श्रीमंतांसाठी त्या उंच देखण्या इमारती बांधल्या ते काही फारसे फिरकले नाहीत. शेवटी तिथे गोदीतलीच माणसं राहायला आली.

सगळ्यात क्रूर पाडकाम १९४३ चं. जर्मनांना जुन्या बंदराकाठची वस्ती नको होती, आणि फ्रेंच पोलिसांनी त्यांना साथ दिली. जानेवारीच्या अखेरीस वीस हजारांहून अधिक माणसांना घराबाहेर काढलं, ज्यू कुटुंबांना मृत्युछावण्यांकडे धाडलं, आणि फेब्रुवारीत सुरुंग लावून सुमारे पंधराशे इमारती एकापाठोपाठ एक उडवल्या. नगरपालिकेची जुनी इमारत आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं वाचली. युद्धानंतर ढिगारा उपसताना खाली रोमन काळची गोदामं सापडली, मोठमोठे रांजण जमिनीत रुतलेले. त्या जागेवर आता संग्रहालय आहे. वर फर्नां पुइयों या वास्तुविशारदाच्या दगडी इमारती आहेत. त्याने काँक्रीटच्या जमान्यात खाणीतला दगड वापरला, आणि सत्तर वर्षांनीही तो दगड उन्हात मधासारखा दिसतो. मला या गावातलं सर्वांत आवडलेलं काम ते.

ल कॉर्ब्युझिएची इमारतही पाहिली, चंदीगडवाल्याची. १९५२ मध्ये पूर्ण झाली, ३३७ घरं, मधल्या मजल्यावर दुकानांचा रस्ता, गच्चीवर बालवाडी. इथले लोक तिला ‘वेड्याचं घर’ म्हणायचे. मला ती आवडली, कारण तिच्यात सामान्य माणूस कसा राहील याचा विचार आधी केलाय. पण १९६२ नंतर घाईघाईने उत्तरेकडे ज्या ठोकळेबाज वसाहती उभ्या राहिल्या त्यांत तो उरला नाही. १९७५ मध्ये लोकसंख्या नऊ लाखांवर गेली, मग बंदराचं काम फोस या दुसऱ्या बंदराकडे सरकलं, कारखाने बंद पडले आणि १९९० पर्यंत लाखभर माणूस कमी झाला. १९९५ पासून बंदराकाठी पुन्हा मोठा पैसा आला. काचेचे मनोरे, २०१३ चं ते जाळीदार काँक्रीटचं संग्रहालय. सगळं देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत नोआयच्या बाजारात गेलास की खिडक्यांना लोखंडी टेकू दिसतात.

तिथेच ओबान्य रस्ता आहे. २०१५ मध्ये सरकारकडे गेलेल्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की मार्सेलिसमधली सुमारे चाळीस हजार घरं राहणाऱ्यांच्या जिवाला किंवा तब्येतीला धोक्याची आहेत, आणि त्यांत लाखभर माणसं राहतात. तीन वर्षांनी, ५ नोव्हेंबर २०१८ ला, सकाळी नऊच्या सुमारास ६३ आणि ६५ नंबरची घरं कोसळली. ६३ रिकामं होतं. ६५ मध्ये आठ जण गेले. १८ ऑक्टोबरला त्या घरातली माणसं बाहेर काढून तज्ज्ञाकडून पाहणी झाली होती, आणि त्याच दिवशी बहुतेकांना परत आत सोडलं होतं. शेवटच्या दिवसांत भाडेकरू सांगत होते की भेगा वाढतायत, दारं लागत नाहीत. त्यानंतर शहरभर हजारो लोकांना धोकादायक घरांतून हलवावं लागलं. तपासणी त्याआधीच करता आली नसती का?

परवा ५ तारखेला मी तिथे गेलो होतो. जागा मोकळीच आहे, दोन घरांच्या मधली. शेजारच्या भिंतीवर पडलेल्या घरांचे ठसे अजून दिसतात. तुळयांची भोकं दिसतात, एका ओळीत, मजल्यागणिक. मी ती मोजली. माणसं फुलं घेऊन आली होती. भाषा मला कळत नव्हती, पण आठ नावं वाचली तेव्हा प्रत्येक नावानंतरची शांतता कळली. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई होती. तिने न बोलता माझा हात धरला.

आणि मग घरी आल्यावर तुझं पत्र वाचलं. तू लिहितोस, ‘पावसाळ्यापासून मोरीचं दार खाली घासतंय, सुताराला बोलावून रंधून घेतो.’

अव्या, दार रंधू नकोस. आपल्या चाळीत दार फुगून घासणं नवीन नाही, मान्य. पण पावसाळा संपून महिना झाला, लाकूड आता सुकायला हवं होतं. चौकट हलली असेल तर वरची तुळई खाली आलेली असू शकते, आणि तिचं टोक मोरीच्या भिंतीत आहे, म्हणजे चाळीस वर्षांच्या ओलीत. माझ्यासाठी एवढं कर. चौकटीच्या वरची भेग शोध. तिच्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरने चिकटव आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिही. काच तडकली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस. न तडकली तरी खालच्या मजल्यावर जाऊन त्याच जागचं दार बघ. स्ट्रक्चरल ऑडिटवरून सोसायटीत भांडण चाललंय ते चालू दे, तू स्वतः एक इंजिनियर आणून दाखव, पैसे मी देतो. टेकू लावायला सांगितलेच तर तळमजल्यापासून एकावर एक लावून घे. नुसते तुमच्या मजल्यावर लावले तर सगळा भार खालच्यांच्या डोक्यावर जाईल.

आणि काकूंना तोवर आमच्याकडे डोंबिवलीला नेऊन ठेव. किल्ली समोरच्या बिऱ्हाडात आहे, मी त्यांना सांगून ठेवलंय. गॅस चालू आहे, पांघरुणं दिवाणाच्या पेटीत आहेत. जायच्या आधी लिफ्ट चालू आहे का, तेवढं फोन करून विचार. तीन मजले त्यांना चढवणार नाहीत.

तुझा,
मन्या