गोवराच्या लसीची पूड: पुण्यात सुरू झालेले काम पुढे न्यावे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुईविना लस देण्याच्या प्रयोगांविषयीच्या बातम्या अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि वाचकांचे कुतूहल सुईभोवतीच राहते. प्रत्यक्षात सुई टाळणे हा या संशोधनातला तुलनेने सोपा भाग आहे. जिवंत विषाणू वाळवून त्याचे श्वासावाटे आत जातील इतके बारीक कण करायचे आणि तरीही त्याची क्षमता टिकवायची, हा खरा अवघड भाग. गोवराच्या अशा पुडीची माणसांवरील पहिली चाचणी पुण्यात झाली होती, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फुप्फुसात खोलवर पोहोचायचे तर कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावा लागतो. त्याहून मोठे कण घशातच अडकतात आणि फार लहान कणांपैकी बरेचसे उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. वाळवलेली लस नुसती दळून हा आकार गाठता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु मिक्सरमध्ये मसाला वाटताना भांडे तापते तशीच उष्णता येथेही निर्माण होते, शिवाय आघाताने विषाणूचे नाजूक आवरण फाटते, आणि हाती येणारी पूड दिसायला उत्तम पण लस म्हणून निरुपयोगी ठरू शकते. दुसरा मार्ग द्रावणाचे तुषार गरम हवेत वाळवण्याचा. बाष्पीभवन चालू असेपर्यंत थेंब स्वतः फारसा तापत नाही. धोका वाढतो तो पाणी संपत आल्यावर. त्यातच हवा आणि पाणी जेथे भेटतात त्या पृष्ठभागावर प्रथिनांची घडी उलगडू लागते, आणि थेंब जितका लहान तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग अधिक. म्हणजे जी सूक्ष्मता आपल्याला हवी आहे, तीच लसीला मारकही ठरते.

अमेरिकेतील कोलोरॅडो येथील रॉबर्ट सीव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. लसीचे द्रावण आणि दाबाखालील कार्बन डायऑक्साइड एकत्र करून तो दाब एकदम उतरवला की, प्रसरण पावणारा वायू द्रावणाचे अतिसूक्ष्म तुषार करतो. हे तुषार मग कोरड्या, जेमतेम गरम नायट्रोजनमध्ये वाळतात. द्रावणात आधीच मायो-इनोसिटॉल हा शर्करेच्या जातकुळीतला पदार्थ मिसळलेला असतो. पाणी निघून जाताना विषाणूला तो आधार देतो आणि हवेतला ओलावाही तुलनेने कमी शोषतो. जुलैतल्या रत्नागिरीचा विचार केला, तर हा दुसरा गुण किती महत्त्वाचा आहे हे ध्यानात येईल.

या पुडीने माकडांना गोवरापासून संरक्षण मिळाल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यातील चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. तीत 60 निरोगी प्रौढ पुरुष होते आणि कोणालाही गंभीर दुष्परिणाम झाला नाही. मात्र या सर्वांच्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, आधीपासूनच होती, त्यामुळे पूड सुरक्षित दिसली, एवढेच या चाचणीवरून म्हणता येते. तान्ह्या बाळाला ती कितपत वाचवील, हा प्रश्न तसाच उरतो.

पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, पुणे जिल्ह्यातील गावांमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. तीत 2,004 बालकांपैकी काहींना सुईने, तर काहींना द्रवरूप लसीच्या तुषारांवाटे लस दिली होती. सुईच्या गटात 94.6 टक्के, तर तुषारांच्या गटात 85.4 टक्के बालकांत प्रतिपिंडे आढळली. श्वासावाटे लस देण्याचा विषय येथेच संपला, असे अनेकांनी मानले. मला ते मान्य नाही. ती लस ओली होती, ही कोरडी आहे. कण तयार करण्याची आणि शरीरात पोहोचवण्याची रीत वेगळी आहे. अर्थात पुडीच्या समर्थकांनी हा आकडा नजरेआड करणेही गैर होईल. उलट त्याच वयाच्या बालकांत पुडीची कसोटी लागली पाहिजे.

ही निकड किती आहे, हे 2022 मध्ये गोवंडी आणि मालेगावात गोवराच्या उद्रेकाने दाखवून दिले. आजची लस द्रावकात मिसळली की काही तासांतच वापरावी लागते, आणि उरलेल्या मात्रा टाकून द्याव्या लागतात. दुर्गम पाड्यावर दोनच बालके आलेली असताना अनेक मात्रांची कुपी फोडावी की नाही, हा पेच परिचारिकेपुढे उभा राहतो. एकेका मात्रेच्या कोरड्या पुडीने तो सुटू शकेल. गांबियात सूक्ष्मसुयांच्या पट्टीने दिलेल्या गोवर-रुबेला लसीचे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल उत्साहवर्धक आहेत. त्या पट्टीतही विषाणू कोरड्या रूपातच टिकवावा लागतो, त्यामुळे वाळवण्याच्या शास्त्रावर केलेला खर्च वाया जाण्याची भीती नाही.

माझी विनंती अशी की, राज्य आणि केंद्र शासनाने लस, प्रथिने आणि एन्झाइम यांचे सूक्ष्मकण करण्यासाठी पुण्यात सार्वजनिक निधीतून प्रायोगिक उत्पादन केंद्र उभारावे आणि ते विद्यापीठे व लहान उद्योग यांनाही खुले असावे. तेथील प्रत्येक अहवालात कणांच्या आकाराबरोबरच वाळवण्यापूर्वी, वाळवल्यावर आणि दमट हवेत ठेवल्यानंतर लसीची किती क्षमता शिल्लक राहिली, हे आकडे जाहीर करणे बंधनकारक असावे. आपल्या वृत्तपत्रानेही अशा संशोधनाची बातमी देताना संशोधकांना हे तीन आकडे अवश्य विचारावेत.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, पुणे